फलाफलश्रुती

आपल्याकडे इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या. सालबाईचा तह १७८२ साली झाला हे आमच्या मास्तरांनी आमच्याकडून इतकं घोटून घेतलं होतं की आजही मध्यरात्री गदागदा हलवून मला उठवलंत तर मी आधी सन सांगेन आणि मग स्वतःचं नाव. पण तह झाल्यावर दोन्ही बाजूंच्या मंडळींनी खाल्लं काय, एवढी साधी शंका मी वर्गात काढली तेव्हा मास्तरांनी मला उरलेला तास बाकावर उभं केलं. शंका रास्त होती असं माझं अजून मत आहे. तह पुढे मोडतात. खाल्लेलं निदान अंगी लागतं.

तर आज तळणीच्या इतिहासातलं एक प्रकरण सांगायचं योजिलं आहे. प्रकरणाचं नाव फलाफल. ज्यांनी हा पदार्थ अजून खाल्लेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काबुली चणे रात्रभर भिजत घालायचे, भरड वाटायचे, त्यात कांदा, लसूण, भरपूर कोथिंबीर, जिरं, धने आणि मिरपूड घालायची, लिंबाएवढे गोळे वळायचे, तळायचे, आणि पिटा नावाच्या पिशवीसारख्या पोकळ रोटीत कोशिंबिरीसकट कोंबून उभ्या उभ्या खायचे. हे वाचून कुठलाही मराठी माणूस जे म्हणेल तेच मीही म्हटलं. म्हटलं, ‘म्हणजे वडाच की!’

आमच्या घरात हा विषय शिरला तो सूनबाईंमुळे. चिरंजीव आणि सूनबाई अमेरिकेत असतात. सूनबाईंच्या ऑफिसात प्रत्येकानं आपापल्या घरून एकेक पदार्थ आणायचा दिवस होता. हिनं डाळवडे नेले. एका गोऱ्या गृहस्थानं एका दमात सात वडे खाल्ले (इथवर त्याच्याबद्दल मला आदरच वाटला) आणि हात पुसत म्हणाला, ‘वा! इंडियन फलाफल!’

सूनबाईंनी हा किस्सा फोनवर हसत हसत सांगितला. मला हसू आलं नाही. हा म्हणजे ज्ञानेश्वरांना ‘मराठीतले दान्ते’ म्हणण्यातला प्रकार. अहो, ‘ज्ञानेश्वरी’ १२९० सालची. तेव्हा दान्तेसाहेबांचं ते महाकाव्य सुरूसुद्धा झालं नव्हतं. म्हणायचंच असेल तर त्यांना इटलीतले ज्ञानोबा म्हणा! त्याच दिवशी मी ठरवलं की वड्याचं वय काढायचं आणि ह्या फलाफलाला त्याची जागा दाखवून द्यायची.

वड्याचा जन्मदाखला मिळायला वेळ लागला नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानं बाराव्या शतकात, ११२९च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं राज्य कसं करावं, हत्ती कसे पकडावेत, करमणूक कशी करावी, इथपासून खावं काय, इथपर्यंत सगळं त्यात आहे. (राजकारण आणि स्वयंपाक ह्यांवर एकाच अधिकारवाणीनं बोलणारा राज्यकर्ता त्यानंतर आपल्याकडे झाला नाही. नुसतं राजकारणावर बोलणारे पुष्कळ झाले.) ह्या ग्रंथात ‘वटक’ आहेत. उडीद भिजवायचे, सालं काढायची, वाटायचे आणि तळायचे. म्हणजे आपलाच वडा, फक्त शालजोडीत. मी लगेच ‘ही’ला हाक मारली आणि पुरावा वाचून दाखवला. ही म्हणाली, ‘अहो, पण सालं काढायला कोण बसत होतं ते लिहिलंय का त्यात?’ ते लिहिलेलं नाही.

आता फलाफलाचं वय. त्याचे अभिमानी सांगतात की तो फेरोंच्या काळापासून आहे, पिरॅमिड बांधणारे मजूर दुपारच्या सुट्टीत तो खात. दुसरे सांगतात, इजिप्तमधल्या कॉप्ट ख्रिश्चनांनी उपासाच्या दिवसांसाठी तो शोधून काढला. ह्या दुसऱ्या मंडळींबद्दल मला फार जवळीक वाटते. कॉप्टांच्या उपासांचे दिवस वर्षाला दोनशेच्या वर जातात आणि त्या दिवशी मांस नाही, अंडं नाही, दूधदुभतं नाही. पण तळलेलं चालतं! उपास आणि कढई ह्यांचं हे नातं समजायला मराठी माणसाला कुठल्या विद्यापीठात जावं लागत नाही. साबुदाणावड्यानं त्याची ती सोय केलेली आहे.

पण पुरावा म्हणाल तर दोन्हींचा नाही. बगदादच्या अल-वर्राकनं दहाव्या शतकात पाककृतींचं जाडजूड पुस्तक केलं, त्यात फलाफल नाही. १२२६ साली त्याच शहरात अल-बगदादीनं दुसरं केलं, त्यातही नाही. दस्तऐवजांत हा पदार्थ दिसायला लागतो तो इजिप्तमध्ये, १८८२ साली इंग्रजांनी तो देश ताब्यात घेतल्यानंतर. तिथे त्याला ‘तामिया’ म्हणतात, म्हणजे घासभर खाणं. हा तामिया चण्यांचा नव्हे, बाकल्याचा. बाकला म्हणजे आपल्या वालाचा जाडजूड थोरला भाऊ शोभावा असा दाणा. सुका, सोललेला बाकला भिजवून, त्यात हिरवा मसाला इतका घालतात की तामिया फोडला की आत हरभऱ्याचं शेत उघडल्यासारखं वाटतं. अलेक्झांड्रियात ह्यालाच फलाफल म्हणत. पुढे तो पॅलेस्टाइन, लेबनॉन, सिरिया ह्या बाजूला गेला तेव्हा बाकल्याच्या जागी चणे आले.

आणि इथे मला घबाड सापडलं. काही अभ्यासकांनी एक तर्क मांडलेला आहे. हिंदुस्थानात नोकरी करून इजिप्तमध्ये गेलेल्या इंग्रज अंमलदारांना आपल्याकडच्या तळलेल्या वड्या-भज्यांची आठवण येई, म्हणून त्यांनी तिथल्या खानसाम्यांकडून तसं काहीतरी करून घेतलं आणि त्यातून फलाफल जन्माला आला! १८८२च्या त्या मोहिमेत हिंदी पलटणी होत्या हे तर इतिहासात नमूदच आहे. म्हणजे वडा बोटीत बसून सुवेझला उतरला, नाव बदलून राहिला आणि आता नातवानं आजोबांना आपलं नाव लावायचं म्हणतो.

तुम्हाला सांगतो, त्या रात्री मी फार सुखानं झोपलो. सकाळी उठून तो तर्क पुन्हा वाचला आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. ह्या गोष्टीला आधार काय? आठवणीनं व्याकूळ झालेला तो साहेब कोण? त्याचं पत्र? खानसाम्याचा हिशेब? काही नाही. फेरोंच्या मजुरांना जो नियम लावला तोच साहेबाच्या खानसाम्याला लावायला हवा. कडधान्य भिजवून, वाटून तळायची अक्कल जगात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू नये इतकी काही ती दुर्मीळ नाही. तेव्हा हा दावा मी जड अंतःकरणानं सोडला. वड्याची साल पिंपळीला लावण्यात अर्थ नाही.

पिंपळी म्हणालो ते मुद्दाम. कारण दावा सोडला आणि दुसऱ्या दारानं एक सोन्याची मोहोर घरात आली. ‘फलाफल’ हे अरबी ‘फिल्फिल’चं अनेकवचन. फिल्फिल म्हणजे मिरी. हा शब्द अरबांनी घेतला फारसीतल्या ‘पिल्पिल’वरून, आणि फारसीनं घेतला संस्कृत ‘पिप्पली’वरून. पिप्पली म्हणजे आपली पिंपळी, खोकला झाला की आजी मधातून चाटवायची ती! तीच ग्रीकांची ‘पेपेरी’, रोमनांची ‘पिपेर’ आणि साहेबाची ‘पेपर’. रोमन लोकांचं तर पिंपळीवाचून पान हलत नसे. प्लिनी नावाच्या गृहस्थानं पहिल्या शतकात भाव लिहून ठेवले आहेत. काळी मिरी रत्तलाला ४ दिनार, पांढरी ७ आणि पिंपळी १५. वाण्याची यादी दोन हजार वर्षं टिकली की तिचा इतिहास होतो. आमची गेल्या महिन्याची यादी ‘ही’नं रद्दीत टाकली, असो.

आता गंमत बघा. वड्याला मिरी का म्हणायचं? गोल असतो म्हणून की तिखट असतो म्हणून, ह्यावर विद्वानांत एकमत नाही. ते नसो. पण नाव आपल्याकडून पश्चिमेला गेलं हे खरं, आणि त्याच्या पोटातला चणा तिकडून आपल्याकडे आला हेही तितकंच खरं! चणा मूळचा आग्नेय तुर्कस्तानातला. दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तिथल्या माणसानं तो पहिल्यांदा पेरला. आज जगात सगळ्यांत जास्त चणा पिकतो तो भारतात, आणि चण्याच्या पिठाशिवाय आपलं कुठलंही सणासुदीचं पान उठत नाही. पण माहेर तिकडचं.

ह्या माहेरच्या चौकशीत पडू नये हे शहाणपण मला वेळेवर सुचलं नाही, सुचतं तर मी वडापावपाशी थांबलो असतो. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य ह्यांनी वडापाव सुरू केला असं सांगतात. मराठी माणसाचं एवढं अस्सल, एवढं स्वतःचं दुसरं काही नाही. बरं, त्यात असतं काय? बटाटा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांच्या बोटीतून आलेला, आणि नावसुद्धा त्यांचंच. पाव पोर्तुगिजांचा. मिरची अमेरिकेतली. वरचं बेसन तुर्कस्तानातल्या चण्याचं. चटणीतला लसूण मध्य आशियातला. शेंगदाणा घालत असाल तर तो पुन्हा दक्षिण अमेरिकेतला. म्हटलं, चिंच तरी आपली असेल; ती निघाली आफ्रिकेची! शेवटी हळद, कढीपत्ता आणि रांगेतली ढकलाढकल एवढंच आपलं म्हणता आलं.

हे घरात कुणाला सांगितलं नाही.

पण ज्या भांडणापायी मी हे सगळं उकरलं तेच भांडण तिकडे फार मोठ्या प्रमाणावर चाललेलं आहे, आणि तिथे त्याची गंमत वाटत नाही. पॅलेस्टाइनमधले अरब फलाफल खात होते, विकत होते. युरोपातून तिथे वसायला आलेल्या ज्यूंनी तो त्यांच्याकडून घेतला. १९३०च्या दशकात तेल अवीवच्या रस्त्यांवर तो मिळत होता. १९४८ साली इस्रायल झालं, युद्ध झालं आणि सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी माणसं घरादाराला मुकली. नव्या देशात १९४९ पासून दहा वर्षं रेशनिंग. मांस मिळेना. चणा स्वस्त. येमेनहून आलेल्या ज्यूंनी फलाफलाच्या गाड्या लावल्या आणि बघता बघता तो राष्ट्रीय पदार्थ झाला. १९५८ साली ‘आमचा फलाफल’ अशा थाटाचं एक गाणं तिकडे गाजलं. पर्यटकांना विकायच्या चित्रपत्रांवर पिटात कोंबलेल्या फलाफलात टाचणीएवढा झेंडा खोचलेला दिसू लागला.

खरं म्हणजे पदार्थ उचलायला कुणाची हरकत नसते. आपण पाव उचललाच की. पण आपण पाव उचलला तेव्हा पोर्तुगिजांची घरं घेतली नव्हती. उलटच झालं होतं. घर गेलं, अंगणातलं ऑलिव्हचं झाड गेलं, आणि मग एक दिवस आपल्याच नाक्यावरचा वडा दुसऱ्याचा झेंडा लावून समोर आला, तर तो माणूस वड्यावरून भांडतोय असं आपल्याला वाटतं. तो वड्यावरून भांडत नसतो. उलट, तो येमेनी गाडीवाला तरी कुठे सुखासुखी आला होता? त्याचंही एक गाव मागे राहिलेलं होतं, आणि गाडी लावल्याशिवाय चूल पेटत नव्हती.

मोठी माणसं मात्र अशा ठिकाणी मोठी विनोदी वागतात. २००८ साली लेबनॉनच्या उद्योजक संघटनेचे अध्यक्ष फादी अब्बूद ह्यांनी जाहीर केलं की फलाफल, हमस वगैरे पदार्थ आमचे आहेत आणि त्यांवर हक्क सांगितल्याबद्दल आम्ही इस्रायलवर दावा लावणार. ग्रीकांनी फेटा चीजबद्दल असाच हक्क मिळवलेला होता, तो त्यांनी दाखल्याला दिला. पुढे कोर्टाऐवजी कढई तापली. २०१० साली लेबनॉननं एका जागी १०,४५२ किलो हमस केलं. आकडा काय म्हणून? तर देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर! आणि त्याच सुमारास ५,१७३ किलो फलाफल तळून विक्रम केला. पाच हजार किलो तळण! आमच्याकडे मुंजीला अडीचशे माणसांचे जिलबीचे घाणे निघाले तेव्हा आचारी दुसऱ्या दिवशी उठला नव्हता.

इजिप्तनं ह्या भांडणात वेगळाच रंग भरला. २००१ साली तिथल्या मॅकडोनाल्डनं ‘मॅकफलाफल’ काढला. आपल्याकडे मॅकआलू टिक्की काढली त्यातलाच प्रकार. जाहिरातीचं गाणं गायला त्यांनी घेतला शाबान अब्देल रहीम, पूर्वी कपड्यांना इस्त्री करणारा आणि मग एकदम प्रसिद्धीला आलेला गवई. फक्त तो प्रसिद्ध झाला होता ‘मला इस्रायल आवडत नाही’ असं सरळ सरळ सांगणाऱ्या गाण्यानं. अमेरिकेतून तक्रार आली, जाहिरात गुंडाळली. वडा विकायला निघालेल्या माणसानं गवयाची आधीची गाणी ऐकून घ्यावीत.

ह्या सगळ्या गदारोळात आपली माणसं कुठे आहेत, हे शोधल्याशिवाय मराठी माणसाचं संशोधन पुरं होत नाही. आणि आहेत! फलाफलावर तिकडे एक पिवळी, आंबट-तिखट, मेथीचा वास असलेली चटणी ओततात. तिचं नाव ‘अंबा’. कैरीची असते. शब्द आपला, आंबाही आपला. इराकी ज्यूंनी ती इस्रायलला नेली, आणि इराकला ती गेली मुंबईहून, बगदादी ज्यू व्यापाऱ्यांबरोबर. ससून घराण्यानं पिंपं भरभरून पाठवलं असं सांगतात. तेच हे डेव्हिड ससून, ज्यांच्या नावाचं पुण्यात इस्पितळ आहे आणि ज्यांची कबर पुण्यातल्याच लाल देवळाच्या आवारात आहे. मुरांबा पेल्यात आणि लोणचं बरणीत राहिलं, पण आंबा बगदाद फिरून जेरूसलेमला पोचला.

आणि ह्याहून जवळचं नातं म्हणजे बेने इस्रायल. कोकणातले आपले पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात बायका, सात पुरुष वाचले, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. कुलाबा जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. १९४८ नंतर ह्यांतले हजारो लोक इस्रायलला गेले. दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत त्यांची मराठी घरं झाली; ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही ते तिथून काढत आले आहेत. सुखासुखी झालं असं मात्र नाही. तुम्ही खरे ज्यू कशावरून, म्हणून त्यांच्या लग्नांना तिथले धर्मगुरू हरकत घेऊ लागले. इकडे शनिवारमुळे वेगळे, तिकडे कोकणामुळे वेगळे! अखेर संप-सत्याग्रह झाले आणि १९६४ साली हे सर्वार्थानं ज्यू आहेत असा निर्वाळा मिळाला. मराठीत तेल गाळायचा तोही घाणा आणि एका खेपेला तळून निघतो तोही घाणा. एका घाण्यातून दुसऱ्या घाण्यापाशी जाणारं हे अंतर साध्या नकाशात मोजता येत नाही.

आता यंत्राकडे वळतो, कारण सूनबाई सुट्टीला आल्या त्या फूड प्रोसेसर घेऊन. ‘बाबा, तुमचं संशोधन पुरे, आपण करूनच बघू,’ असं त्यांचं म्हणणं.

आमच्या घरात वाटणयंत्रांचा इतिहास फार जुना नाही. माझ्या लहानपणी पाटा-वरवंटा. दर काही महिन्यांनी गल्लीत ‘टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ’ अशी हाक यायची. छिन्नी-हातोडी घेऊन बाई बसायची आणि गुळगुळीत झालेल्या पाट्यावर ठक् ठक् करत नवे टवके पाडायची. पाटा पुन्हा तरणा व्हायचा. आईचे खांदे व्हायचे नाहीत. डाळवड्याची डाळ वाटून झाली की ती दोन मिनिटं भिंतीला टेकून बसायची, आणि आम्ही पोरं कढई कधी चढते म्हणून तिच्या भोवती नाचायचो. पाट्यावरच्या वाटणाची चव यंत्राला नाही असं म्हणणाऱ्या पुरुषांपैकी एकानंही पाटा वाटलेला मी पाहिलेला नाही.

मग मिक्सर आला. त्याची हकीगत फार चांगली आहे. सत्यप्रकाश माथुर नावाच्या अभियंत्याच्या पत्नीचा परदेशी मिक्सर आपली डाळ, आपलं खोबरं वाटता वाटता जळाला. तिकडची यंत्रं साय घुसळायला केलेली, हळकुंड बघून ती प्राण सोडणार नाहीत तर काय! माथुरांनी दणकट मोटार बसवून नवं यंत्र केलं आणि १९६३ साली ‘सुमीत’ बाजारात आला. त्यानं किती खांद्यांना सुट्टी दिली ह्याचा हिशेब कुठल्याही पंचवार्षिक योजनेत नाही.

फूड प्रोसेसर ही फ्रेंचांची करामत. पिएर व्हेर्दाँ नावाचा विक्रेता हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत सामान विकत हिंडायचा. नुसतं चिरण्या-कापण्यात लोकांचा दिवस जातो हे त्यानं पाहिलं आणि एका रुंद भांड्याच्या बुडाशी फिरतं पातं बसवलं. त्यातून ‘रोबो-कूप’ निघाला. कार्ल सॉन्टहायमर हा इलेक्ट्रॉनिक्समधला अमेरिकन अभियंता, फ्रेंच स्वयंपाकाचा नादी. त्यानं ते यंत्र १९७१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात पाहिलं, घरगुती बायकांना वापरता येईल असं करून घेतलं आणि १९७३ साली शिकागोला ‘क्विझिनार्ट’ म्हणून मांडलं.

दिसायला मिक्सरचाच सुखवस्तू भाऊ, पण स्वभाव निराळा. मिक्सरचं भांडं उंच आणि निमुळतं. त्यात वस्तू फिरायची तर पाणी घालावं लागतं आणि पाणी घातलं की पीठ झालंच. प्रोसेसरचं भांडं रुंद, पातं आडवं. तो पाणी मागत नाही, आणि वाटत नाही, बारीक बारीक चिरतो. फलाफलाला नेमकं हेच हवं असतं. तिकडे पूर्वी खिमा करायच्या हाताच्या यंत्रातून चणे काढत, नाहीतर खलबत्ता होताच.

पहिला प्रयोग ‘ही’नं केला. चण्यांना चार शिट्या दिल्या. छोले म्हटले की शिट्या, हा आमच्या घरचा कायदा. सूनबाई ‘आई, कच्चेच घ्यायचेत’ म्हणत होत्या, पण कच्चे चणे खाऊन पाहुण्यांच्या पोटात दुखलं तर, ह्या प्रश्नापुढे त्यांचं काही चाललं नाही. गोळे सुरेख वळले गेले. तेलात सोडले आणि नाहीसे झाले. कढईत नुसती पिवळी आमटी उसळत राहिली. कारण सोपं आहे. कच्च्या चण्यातला स्टार्च तेलाच्या उष्णतेनं आत फुलतो आणि गोळा बांधून धरतो. शिजवलेल्या चण्यात तो आधीच फुलून बसलेला, वर पाणी प्यालेला. तो कुणाला काय धरून ठेवणार?

ही कढईकडे बघत उभी राहिली आणि मग एकदम म्हणाली, ‘अहो, पण डाळवड्याची डाळ तरी आपण कुठे शिजवतो?’

तिथून पुढे सूत्रं तिच्या हातात. पाव किलो चणे, सोडा नाही, मीठ नाही, नुसत्या पाण्यात रात्रीपासून दुसऱ्या दुपारपर्यंत. फुगून दुप्पट झाले. उपसून पंचावर पसरले, कारण ओले चणे म्हणजे चोरून घातलेलं पाणी. मग प्रोसेसरमध्ये कांदा, लसूण, कोथिंबीर, पार्स्ली मिळाली तेवढी, धने-जिरं, मिरपूड. पिंपळीची आठवण मी करून दिली. ‘ती खोकल्याला राहू दे,’ असं उत्तर मिळालं. यंत्र सलग चालवायचं नाही. बटण दाबायचं, सोडायचं, कडेचं खाली लोटायचं, पुन्हा दाबायचं. मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि बोटांना रवा लागावा, इतकं झालं की थांबायचं. अर्धा मिनिट जास्त गेलं तर लगदा होतो आणि वडा आत दगडासारखा. शेवटी मीठ, चिमूटभर सोडा, आणि तासभर झाकून फ्रिजमध्ये. तेल मध्यम. धूर निघू द्यायचा नाही, आणि थंडही नको, नाहीतर वडा तेल पितो. तिकडे गोळे पाडायला पितळी दांड्याचा एक गमतीदार साचा मिळतो. आमच्याकडे डाव्या हाताचा तळवा आहे.

ह्या वेळी विरघळला नाही. वरून तांबूस खुसखुशीत, आत हिरवा आणि हलका. पिटा नव्हता म्हणून कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणला. कैरीचं लोणचं पाण्यात सैल करून सूनबाईंनी त्याचा अंबा केला. शेजारच्या काकू वासानं आल्या, दोन खाल्ले, आणि विचारलं, ‘वहिनी, हे छोल्याचे डाळवडे तुम्हाला कुणी शिकवले?’

सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सोमेश्वरापासून सुरुवात करणार होतो, पण तेवढ्यात दुसरा घाणा निघाला आणि काकूंचं लक्ष तिकडे गेलं.